दर पाच-सहा आठवड्यांनी रखडणारी एसएसडी रेड: ट्रिम नेमकी कुठे अडते ते शोधताना

तक्रार अशी होती. पीसी दुकानातून फॉरमॅट होऊन आला की पळायचा. महिना-सव्वा महिना झाला की फाइल सेव्ह करताना अडखळायला लागायचा. मग संकलनाच्या टाइमलाइनवर चित्र थांबत थांबत चालायचं, आणि सहाव्या आठवड्यात साधं फोल्डर उघडायलाही चार-पाच सेकंद लागायचे. पुन्हा कॅबिनेट रिक्षात घालून सीताबर्डीतलं दुकान, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा महिनाभर सुख. दोन हंगाम आम्ही हे सोसलं. ज्यांच्याकडे दोन एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायच्या फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्ह) रेडमध्ये, म्हणजे मिळून एकच ड्राइव्ह असल्यासारख्या, जोडलेल्या आहेत आणि ज्यांचा पीसी असाच ठरावीक दिवसांनी बसतो, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतोय. ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचा ड्राइव्हला जाणारा निरोप, मध्येच अडत होता.

आधी आमचं काम काय आहे ते सांगतो, कारण दुखण्याचं मूळ त्या कामाच्या पद्धतीत होतं. माझा मामेभाऊ वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकांचं चित्रीकरण करतो. दिवाळी झाली की तिकडे मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात, आणि गावोगाव रात्र रात्र नाटकं चालतात. दादा दोन कॅमेरे लावतो, कार्डं माझ्याकडे नागपूरला येतात, आणि प्रतापनगरातल्या आमच्या घरच्या पीसीवर संकलन होतं. चित्रीकरण सेकंदाला ५० मेगाबिट या दराचं. म्हणजे एका कॅमेऱ्याचे तासाला साडेबावीस जीबी. सहा तासांचं नाटक आणि दोन कॅमेरे धरले तर एका रात्रीचे २७० जीबी होतात. संकलन संपलं की कच्च्या फाइली मोठ्या हार्ड डिस्कवर हलवायच्या, एसएसडीवरच्या पुसायच्या, आणि पुढचं नाटक चढवायचं. हंगामभर लिही-पूस, लिही-पूस.

पीसी जुना. २०११ च्या काळातला मदरबोर्ड, ५०० जीबीच्या दोन साटा (केबलने जोडायच्या) एसएसडी, विंडोज १०. दोन्ही ड्राइव्ह बोर्डाच्याच रेडने रेड-० मध्ये जोडलेल्या, म्हणजे डेटाचे तुकडे करून अर्धे इकडे, अर्धे तिकडे. "डबल स्पीड मिळेल," असं सांगून ती जोडणी करून देण्यात आली होती, आणि पहिल्या दिवशी मिळालाही होता. लिहिण्याचा वेग सेकंदाला ९०० एमबीच्या वर. सहाव्या आठवड्यात तोच १२० च्या आसपास.

कारणं सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं एसएसडीच हलक्या प्रतीची, आणि नागपूर म्हटल्यावर गरमीचं नाव तर निघणारच. दादाचा फोन यायचा, "भाऊ, काम कुठवर आलं? पार्टी विचारून राहिली." आणि मी इकडे फाइल उघडायची वाट बघत बसलेलो असायचो.

एक धागा हाती लागला

एकदा हंगामाच्या भरात दुकान बंद होतं, म्हणून मी घरीच फॉरमॅट मारला. विंडोज नव्याने टाकली, सगळं कोरं केलं. वेग तिळभर सुधारला नाही. दुकान उघडल्यावर तिथे नेलं, त्यांनीही फॉरमॅटच केलं, आणि पीसी पुन्हा ९०० वर. घरातले म्हणाले, त्यांच्या हाताला गुण आहे. मला मात्र तिथेच वाटलं की उत्तर याच फरकात आहे. म्हणून मी त्यांना नीट विचारलं, तुम्ही नेमकं काय करता? उत्तर साधं होतं. दोन्ही ड्राइव्ह काढून ते त्यांच्या टेबलावरच्या मशीनला सुट्या जोडायचे, तिथे एकेक फॉरमॅट करायचे, मग परत आमच्या पीसीत बसवून रेड बनवायचे.

म्हणजे ड्राइव्ह तीच, फॉरमॅट तोच. फरक एवढाच की त्यांच्याकडे मध्ये रेड नव्हती.

हे का महत्त्वाचं, ते समजायला एसएसडीच्या आत काय चालतं ते थोडं पाहावं लागेल. आतल्या फ्लॅश मेमरीत लिहिणं होतं पानापानाने, एकेक पान काही केबीचं. पुसणं मात्र पानाने होत नाही. शेकडो पानांचा एक ब्लॉक असतो, पुसायचा तर तो अख्खा पुसावा लागतो. आणि लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावंच लागतं. शाळेतल्या पाट्यांची चळत डोळ्यांपुढे आणा. पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायला बोळा फिरवला की पूर्ण पाटी जाते. एखाद्या पाटीवर चार ओळी कामाच्या आणि बाकी टाकाऊ असतील, तर त्या चार ओळी आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या, मग ही पुसायची. एसएसडीचा कंट्रोलर (आतला कारभार बघणारी चिप) रिकाम्या वेळात हेच करत असतो.

आता त्याची अडचण अशी, की टाकाऊ ओळ कुठली हे त्याला कळत नाही. आपण विंडोजमध्ये फाइल डिलीट करतो तेव्हा एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम, म्हणजे फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) फक्त आपल्या वहीत "ही जागा मोकळी" अशी खूण करते. ड्राइव्हला त्याचा पत्ता नसतो. तिच्या लेखी ती फाइल अजून जिवंत आहे, म्हणून ती मेलेल्या फाइलीची पानंही इमानाने एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर उतरवत बसते. एक जीबी लिहायला आत तीन-चार जीबीची उचलठेव होते. वेगही जातो आणि फ्लॅशचं आयुष्यही झिजतं.

ट्रिम म्हणजे ड्राइव्हला दिलेला निरोप: अमुक पत्त्यापासून अमुक पत्त्यापर्यंतचं आता नको. साटा ड्राइव्हसाठी या आज्ञेचं औपचारिक नाव डेटा सेट मॅनेजमेंट, एनव्हीएमईमध्ये (थेट मदरबोर्डावर बसणाऱ्या नव्या ड्राइव्हमध्ये) तेच काम डीअ‍ॅलोकेट करते, सर्व्हरकडच्या स्कझी ड्राइव्हमध्ये अनमॅप. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोज हा निरोप फाइल डिलीट करताना आपोआप पाठवते. क्विक फॉरमॅट करताना तर पूर्ण भागासाठी एकदम पाठवते.

दुकानात ड्राइव्ह सुटी जोडून फॉरमॅट केली की निरोप थेट पोचायचा, पूर्ण ड्राइव्ह कोरी व्हायची. माझ्या घरी तो रेडच्या दारात अडायचा. तीन-चार नाटकं चढवून उतरवली की जवळपास १ टीबीच्या त्या जोडणीचा प्रत्येक पत्ता एकदा तरी लिहिला गेलेला असायचा, आणि त्यानंतर माझ्या नजरेत अर्धी रिकामी असलेली ड्राइव्ह तिच्या स्वतःच्या नजरेत कायमची तुडुंब भरलेली असायची. पाच-सहा आठवडे हा आकडा तिथून आला होता.

शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका

ट्रिम चालू आहे का हे पाहायला सगळे एकच उपाय सांगतात. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, "एफएसयुटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबल-डिलीट-नोटिफाय" ही आज्ञा द्या (शेवटचे तीन शब्द जोडून, मध्ये रेघ किंवा जागा न सोडता). उत्तर शून्य आलं म्हणजे ट्रिम चालू. माझ्याकडेही शून्यच यायचं. या शून्याने माझा पूर्ण एक हंगाम खाल्ला.

त्या शून्याचा अर्थ एवढाच की विंडोज निरोप पाठवते आहे. तो पोचला की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. पत्र टपालपेटीत टाकलं याची ती पावती आहे, घरी पडल्याची नाही. मधल्या वाटेत फाइल सिस्टम, मग एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणारा थर) असेल तर ते, मग रेडचा ड्रायव्हर, मग बोर्डाच्या बायोसमधला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधला) रेडचा भाग, आणि शेवटी ड्राइव्ह. यातला एकही टप्पा मुका निघाला तर निरोप तिथेच विरतो, आणि वर कुणाला कळतही नाही.

पोच तपासायच्या दोन रीती मला भरवशाच्या वाटल्या.

पहिली पॉवरशेलमधली. "ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम" ही आज्ञा, तिला ड्राइव्हचं अक्षर, आणि पुढे "रीट्रिम" व "व्हर्बोज" हे दोन पर्याय. मोकळ्या जागेचा निरोप ती पुन्हा एकदा पाठवते आणि किती जागा ट्रिम झाली ते छापते. खालचं हार्डवेअर ही क्रिया स्वीकारत नाही अशा अर्थाची चूक आली, तर प्रकरण तिथेच स्पष्ट झालं. सोबत विंडोजची "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज" ही खिडकी उघडून मीडिया टाइपचा रकाना बघा. तिथे "सॉलिड स्टेट ड्राइव्ह" पाहिजे. रेडमागे लपलेली एसएसडी तिथे "हार्ड डिस्क ड्राइव्ह" म्हणून दिसत असेल, तर विंडोज दर आठवड्याला तिचं डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे तुकडे उचलून सलग मांडणं, करत बसेल. ट्रिम तर नाहीच, वर फुकटची झीज. तसं दिसलं तर आधी त्या ड्राइव्हचं वेळापत्रक बंद करा, बाकीचं नंतर.

दुसरी रीत जास्त पक्की. ट्रिमचेक नावाचं एक छोटं, फुकट मिळणारं साधन आहे. ते ड्राइव्हवर ओळखू येईल असा मजकूर लिहितं, तो ड्राइव्हवर नेमका कुठल्या पत्त्यावर पडला ते टिपून ठेवतं, आणि मग फाइल पुसतं. थोड्या वेळाने पुन्हा चालवलं की फाइल सिस्टमला न विचारता थेट त्याच पत्त्यावर जाऊन वाचतं. तिथे शून्यं मिळाली तर निरोप पोचला. जुना मजकूर जसाच्या तसा मिळाला तर पोचला नाही. ही पद्धत मला आवडली, कारण ती कुणाच्या शब्दावर विसंबत नाही.

मी दोन चाचण्या केल्या. शेजारच्या काकांच्या पीसीला एक ड्राइव्ह सुटी लावली: ट्रिम चालतं. माझ्या रेड-० वर: चालत नाही. ड्राइव्ह निर्दोष, विंडोज निर्दोष. दोष मधल्या टप्प्यात.

बूट होतानाची ती निळी-पांढरी पाटी

माझ्या बोर्डावरची रेड इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीची. रेड-० मधून ट्रिम पुढे पाठवायची सोय त्यात २०१२ मध्ये, ११ व्या आवृत्तीपासून आणि ७ सिरीज चिपसेटपासून (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या त्या पिढीपासून) आली. माझा चिपसेट त्याच्या आधीचा. विंडोजमधला ड्रायव्हर मी केव्हाच नवा टाकला होता, म्हणून मला वाटत होतं की काम झालं. पण रेडचे भाग दोन असतात: एक विंडोजमधला ड्रायव्हर, आणि दुसरा बायोसच्या आत बसलेला ऑप्शन रॉम. पीसी सुरू होताना कंट्रोल आणि आय दाबायला सांगणारी पाटी क्षणभर येते, तिच्या वरच्या ओळीत त्याची आवृत्ती असते. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून ती ओळ थांबवून वाचली. आकडा १० ने सुरू होत होता.

बोर्डाच्या कंपनीने बायोसची शेवटची आवृत्ती कधीच काढून झाली होती, आणि तिच्यातही हाच जुना भाग. बायोसमध्ये नवा ऑप्शन रॉम स्वतः घुसवून तो फ्लॅश करणारे, म्हणजे बोर्डाच्या चिपवर नव्याने लिहिणारे, हौशी लोक आहेत, आणि तसं करून ट्रिम चालू झाल्याचं त्यांचं सांगणं खोटं नाही. मी मात्र ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका असंच सांगेन. फ्लॅश चालू असताना लाइन गेली तर बोर्ड मेला, आणि आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण यात बऱ्याच जणांची गल्लत होते. बायोसमध्ये साटाचा मोड "रेड" आहे म्हणजे ट्रिम बंद, असं नाही. त्या मोडमध्ये एखादी एसएसडी कुठल्याही जोडणीत न घेता सुटी चालत असेल, तर बऱ्यापैकी नव्या ड्रायव्हरने तिला ट्रिम मिळतं. प्रश्न जोडणीतल्या ड्राइव्हचा असतो. तुमचा चिपसेट कुठल्याही कंपनीचा असो, चाचणी तीच: सुटी ड्राइव्ह आणि जोडलेली ड्राइव्ह, दोन्हींवर ट्रिमचेक.

थांबा, तुमचं दुखणं ट्रिमचंच आहे का?

एसएसडी मंद होण्याची कारणं आणखीही आहेत, आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. मोठी फाइल कॉपी करताना पहिले काही जीबी सुसाट जातात, मग वेग एकदम कोसळतो, आणि दहा-पंधरा मिनिटं विश्रांती दिली की पुन्हा ठीक होतो, असं असेल तर तो एसएलसी कॅशचा खेळ. टीएलसी आणि क्यूएलसी ड्राइव्ह (फ्लॅशच्या एकेका कप्प्यात तीन किंवा चार बिट कोंबणाऱ्या) काही भाग वेगवान कॅश म्हणून वापरतात, तो भरला की खरा वेग उघडा पडतो. क्यूएलसीमध्ये हा खरा वेग साध्या हार्ड डिस्कइतका खाली येऊ शकतो. त्याला रेड किंवा ट्रिम जबाबदार नाही.

दुपारीच मंद, पहाटे ठीक, असं असेल तर तापमान बघा. विशेषतः एनव्हीएमई ड्राइव्ह ग्राफिक्स कार्डाच्या खाली दबलेली असेल तर. साटा ड्राइव्ह सहसा एवढ्या तापत नाहीत.

पीसी मधेच काही सेकंद पूर्ण गोठतो आणि मग काहीच न झाल्यासारखा चालू लागतो, असं असेल तर विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, १२९ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तर दिलं नाही म्हणून ती रीसेट करावी लागली, १५३ म्हणजे एखादी लिहा-वाच पुन्हा करावी लागली. अशा नोंदी दिसल्या की आधी साटा केबल बदला. स्मार्टमधला (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या चुकांचा, वाढत असेल तर बहुधा केबलच. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, पण तिच्यापायी लोक चांगल्या ड्राइव्ह फेकून देतात. बोर्डाच्या रेडमागे ड्राइव्हचे स्मार्ट आकडे बहुतेक साध्या साधनांना दिसत नाहीत, हा रेडचा आणखी एक तोटा.

आणि जी मंदी आठवड्यागणिक चढत जाते, रात्रभर पीसी चालू ठेवून फारसा फरक पडत नाही, घरच्या फॉरमॅटनेही जात नाही, ती ट्रिमची.

मी काय केलं: रेड मोडली

निर्णय घ्यायच्या आधी एक हिशेब केला, जो खरं तर पहिल्या दिवशी करायला हवा होता. दोन कॅमेऱ्यांचं चित्र टाइमलाइनवर एकाच वेळी चालवायला सेकंदाला १०० मेगाबिट लागतात, म्हणजे साडेबारा एमबी. एक सुटी साटा एसएसडी सेकंदाला पाचशेच्या पुढे देते. साडेबारा एमबीच्या तहानेसाठी मी हजार एमबीची विहीर खोदून बसलो होतो. उरलेलं काम म्हणजे विंडोज सुरू होणं, प्रोग्राम उघडणं, लहान लहान फाइली वाचणं. त्यात रेड-० चा उपयोग जवळपास शून्य, कारण तिथे प्रश्न रुंदीचा नसतो, एकेका मागणीला किती पटकन उत्तर मिळतं याचा असतो. आणि दोनपैकी एक ड्राइव्ह गेली तर दोन्हींवरचं सगळं जातं, हे वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे: घरच्या पीसीवर दोन साटा एसएसडींची रेड-० करू नये.

मोडण्याची कृती. आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि चार-सहा फाइली खरंच उघडून पाहिल्या. मग कंट्रोल-आयच्या पाटीवरून जोडणी काढून टाकली. इथे दोन्ही ड्राइव्हवरचं सगळं जातं, परतीची वाट नाही. बायोसमध्ये साटाचा मोड रेडवरून एएचसीआय (सुट्या ड्राइव्हचा साधा मोड) केला. कॅबिनेट उघडलंच होतं म्हणून पोर्टही तपासले. माझ्या पिढीच्या बोर्डांवर ६ गिगाबिटचे पोर्ट मोजून दोन असतात, बाकीचे ३ गिगाबिटचे. एसएसडी त्या दोन चांगल्या पोर्टांवरच हव्यात.

ड्राइव्ह कोऱ्या करायला लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (लिनक्स पीसीत न टाकता पेन ड्राइव्हवरूनच चालतं तो) वापरला. "एलएसबीएलके" या आज्ञेने कुठली ड्राइव्ह कुठल्या नावाने दिसते ते मॉडेल आणि आकार बघून पक्कं केलं, मग "बीएलके-डिस्कार्ड" (हाही जोडशब्द, मध्ये रेघ नाही). ही आज्ञा पूर्ण ड्राइव्हला एका दमात ट्रिम करते. अर्धा किलो वांग्यांसाठी पिशवी उलटी करावी तशी ती सगळं ओतून टाकते, म्हणून नाव टाइप केल्यावर एंटर दाबण्यापूर्वी पुन्हा वाचा. घरात हार्ड डिस्कही लावलेली असेल तर तिची केबल त्या वेळेपुरती काढून ठेवा. सिक्युअर इरेज (ड्राइव्हला स्वतःला पूर्ण पुसायला लावणारी आज्ञा) करायचं असेल आणि ड्राइव्ह "फ्रोझन" दिसत असेल, तर पीसी एकदा स्लीपमध्ये घालून जागा केला की बहुधा ते कुलूप निघतं.

त्यानंतर एका ड्राइव्हवर विंडोज आणि प्रोग्राम, दुसरीवर चालू नाटकाच्या कच्च्या फाइली. लिहिण्याचा वेग ४८० च्या आसपास. ट्रिमचेक दोन्हींवर चालतं म्हणालं.

ज्यांची विंडोज एका सुट्या ड्राइव्हवर आहे आणि फक्त मोड बदलायचा आहे, त्यांना नव्याने विंडोज टाकायची गरज नाही. मोड नुसताच बदलला तर निळा पडदा येतो, कारण विंडोजने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला चालवायची तयारीच केलेली नसते. म्हणून आधी "एमएस-कॉन्फिग"मधून पुढचा बूट सेफ मोडमध्ये लावायचा, रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये शिरून मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचं, मग सेफ मोडची खूण काढून नेहमीसारखं सुरू करायचं. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल तर आधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

रेड मोडणं शक्यच नसेल, तर एक तडजोड आहे. ड्राइव्ह एकदा सुट्या लावून पूर्ण कोऱ्या करायच्या, आणि नव्या जोडणीत पार्टिशन बनवताना पंधरा-वीस टक्के जागा कुठल्याच पार्टिशनला द्यायची नाही. त्या पत्त्यांवर कधीच काही लिहिलं जात नाही, त्यामुळे कंट्रोलरच्या हाताशी तेवढ्या कोऱ्या पाट्या कायम राहतात. कंपन्याही हेच करतात. २४० जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्राइव्हमध्ये फ्लॅश बहुधा २५६ जीआयबी (हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजलेले), म्हणजे सुमारे २७५ जीबी असते. वरची ३५ जीबी कंट्रोलरच्या उचलठेवीसाठी राखलेली. पार्टिशन नंतर लहान करून हा लाभ मिळत नाही, कारण तोवर त्या पत्त्यांवर लिहून झालेलं असतं.

दादाचा लिनक्सचा पीसी

वडशाला दादाकडे लिनक्स मिंट आहे, दोन एसएसडी "एमडीएडीएम"ने रेड-१ मध्ये, म्हणजे एकीची दुसरी हुबेहूब नक्कल. त्याच्याकडे बोर्डाची रेड नाही, लिनक्सची स्वतःची. ही मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण प्रत्येक टप्पा आपल्याला दिसतो. लिनक्सच्या या रेडमधून ट्रिम पुढे जायची सोय कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.७ पासून आहे. "एलएसबीएलके"ला "डिस्कार्ड" हा पर्याय दिला की प्रत्येक थराची ओळ येते: ड्राइव्ह, तिच्यावर रेड, तिच्यावर एन्क्रिप्शन. ज्या थराच्या रकान्यात शून्य, तिथे निरोप अडतो. दादाकडे तो लक्सच्या (लिनक्सच्या एन्क्रिप्शनच्या) थरावर अडत होता. लक्स सुरक्षेच्या कारणाने ट्रिम आपणहून पुढे जाऊ देत नाही, कारण कुठली जागा वापरात आहे हे त्यातून बाहेरच्याला कळू शकतं. चोरीचा धोका आणि वेग यांचा विचार करून त्याने क्रिप्टटॅब या एन्क्रिप्शनच्या सेटिंगच्या फाइलीत "डिस्कार्ड" हा शब्द घातला, आणि आठवड्याला चालणारा "एफएसट्रिम"चा (मोकळी जागा ट्रिम करणाऱ्या आज्ञेचा) टायमर चालू आहे ना ते पाहिलं.

रेड-१ नव्याने बनवताना एक गंमत होते: पहिल्या सिंकमध्ये एका ड्राइव्हवरचं सगळं, रिकामी जागासुद्धा, दुसरीवर लिहिलं जातं. म्हणजे दुसरी ड्राइव्ह पहिल्याच दिवशी तुडुंब. सिंक संपलं की एकदा हाताने "एफएसट्रिम" चालवा. आणि ट्रिमनंतर काही ड्राइव्ह त्या जागी शून्यं न देता काहीबाही देतात, त्यामुळे महिन्याच्या तपासणीत रेड-१ चे दोन भाग जुळत नाहीत असा आकडा दिसू शकतो. रिकाम्या जागेतला तो फरक असेल तर घाबरायचं कारण नाही. रेड-५ आणि ६ मध्ये मात्र याच कारणाने लिनक्स ट्रिम मुळात बंद ठेवतं, कारण तिथे पॅरिटीचा (एखादी ड्राइव्ह गेली तर तिचा डेटा परत काढायच्या बेरजेचा) हिशेब त्या शून्यांवर उभा असतो.

ऊन आणि लाइन

गरमीला मी निर्दोष सोडत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) बंद खोलीतलं कॅबिनेट हात लावू देत नाही. चालू ड्राइव्हपेक्षा मला काळजी बंद ड्राइव्हची वाटते. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचं (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक असं की लिहिण्याची ठरलेली मर्यादा गाठलेल्या ड्राइव्हने विजेशिवाय ३० अंशांना एक वर्ष डेटा टिकवावा. तापमान वाढलं की हा काळ घटतो. म्हणून हंगाम संपल्यावर नाटकं एसएसडीवर ठेवून ती माळ्यावर टाकायची नाही. साठवणीला हार्ड डिस्क, तीही दोन.

कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, आणि पीसीला यूपीएस असू द्या. घरगुती एसएसडीत लाइन गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात.

ट्रिम नीट चालू झाल्यावर सवय एक बदलावी लागली. पूर्वी चुकून पुसलेली फाइल रिकव्हरीच्या प्रोग्रामने परत यायची, कारण ती ड्राइव्हवर तशीच पडलेली असायची. गेल्या फेब्रुवारीत दादाने नागपुरात येऊन स्वतःच जागा करायच्या नादात एका नाटकाचा दुसरा अंक उडवला. दहा मिनिटांत मी रिकव्हरी लावली, फाइलीचं नाव सापडलं, आकारही बरोबर, आत सगळी शून्यं. ट्रिमने आपलं काम केलं होतं. तो अंक वाचला तो कॅमेऱ्याचं कार्ड अजून कोरं केलेलं नव्हतं म्हणून. आता दोन हार्ड डिस्कवर प्रत चढल्याशिवाय आणि ती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड वडशाला परत जात नाही, आणि कार्डाच्या डबीवर खडूने बरोबरची खूण मीच करतो.